झिपरू वामनाचं तिसरं पाऊल

तळोद्याच्या भोई गल्लीत आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दशावताराची सोंगं निघत. ही प्रथा कोणी सुरू केली ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण तिचे नियम गल्लीतल्या लहान मुलालाही पाठ असत. मी ते आईकडून ऐकले. ती त्याच गल्लीत वाढलेली.

पहिला नियम क्रमाचा. मत्स्य गल्लीतून नाचून मारुतीच्या ओट्यावर परत आला, बायांनी त्याला ओवाळलं, की मगच कूर्म निघायचा. कूर्म परतला की वराह. पुढच्या अवताराने आधीच्या अवताराला ओलांडून जायचं नाही, मग कितीही वेळ लागो. वैशाखाच्या उन्हात वराह एखाद्या दारी ताक पीत रेंगाळला, तर कागदाच्या खांबात शिरून बसलेला नरसिंह आतून शिव्या देई, आणि बाहेरची माणसं हात जोडून त्या ऐकून घेत.

दुसरा नियम असा की सोंग घराण्याचं असे. कूर्म सुताराच्या घरचा. तो मोठी वेताची पाटी पाठीवर बांधून रांगत जाई आणि महिनाभर गुडघे चोळत बसे. नरसिंहाचा मान उदेसिंगच्या घराला होता. उदेसिंग हाच सगळ्या सोंगांचा कारभारी. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. दहाव्या अवताराला मात्र माणूस नसे. कल्की अजून यायचा आहे, म्हणून खोगीर घातलेला रिकामा घोडा गल्लीतून फिरवत आणि लोक त्या रिकाम्या खोगिराला नमस्कार करत.

या सगळ्यांत पाचवं सोंग वामनाचं. त्याचा नियम वेगळा होता, कारण त्यात दोन माणसं लागत, एक वामन आणि एक बळीराजा.

बळीचा मान बाजारपेठेतल्या ओसवाल शेठच्या घराकडे होता. संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १९०० सालच्या आसपासच्या दुष्काळात या घरातल्या प्रेमचंदशेठनी धान्याची कोठारं उघडली आणि माप न लावता ज्वारी वाटली. पाऊस झाल्यावर गल्लीतली म्हातारी माणसं त्यांच्या दुकानावर गेली आणि म्हणाली, "शेठ, आते आमना बळी तुम्हीच." प्रेमचंदशेठना वाकणं जमत नव्हतं, म्हणून त्यांचा तरणा मुलगा हुकमीचंद बळी होऊन बसला. तेव्हापासून दरवर्षी तोच. जैन घर सूर्य मावळायच्या आत जेवणारं, म्हणून वामनाचं सोंग दिवस असतानाच आटपायचं, असंही ठरून गेलं. सोंगांची वेळच त्यामुळे रात्रीवरून दुपारवर आली.

वामन व्हायला लहान मुलगा निवडत. लंगोटी, हातात छत्री, दुसऱ्या हातात कमंडलू. मुलगा दोन-तीन वर्षांत वाढला की छत्री पुढच्याकडे जाई. झिपरू भोई नऊ वर्षांचा असताना त्याला छत्री मिळाली. मग तो बारा वर्षांचा झाला, पंधरा वर्षांचा झाला, त्याला मिसरूड फुटलं, आणि छत्री त्याच्याकडेच राहिली, कारण झिपरू वाढायचाच थांबला होता. विशीतसुद्धा तो उदेसिंगच्या कमरेला लागत असे.

वर्षभर गल्ली त्याची थट्टा करी. "झिपरू, जरा टाचा उचल, दिसत नही तू." झिपरूही कच्चा नव्हता. "माले पाहाले तूच खाले वाक," असं उलट सांगे. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मात्र कोणी हसत नसे. त्या दिवशी तो छत्री उघडून ओट्यावरून उतरला की बाया पदर सावरून बाजूला होत. तो बळीकडे तीन पावलं भूमी मागायचा. पहिलं जमिनीवर. दुसरं आकाशात, म्हणजे आखाजीसाठी कडुनिंबाला बांधलेल्या झोक्याच्या फळीवर. पोरी फळी उंच धरत आणि तो तिच्यावर पाय टेकवी. मग तो बळीसमोर येऊन विचारी, "राजा, तिसरं पाऊल कोठे ठेवू?" हुकमीचंदशेठ पागोटं काढून मांडीवर ठेवत, मान खाली करत, आणि झिपरू त्यांच्या माथ्यावर पाऊल ठेवी. झिपरू मोठा झाल्यावर त्याचा आवाज भारी झाला होता. लहान मुलाच्या तोंडी तो प्रश्न गोड वाटे. झिपरूच्या तोंडी तो ऐकताना गल्ली शांत होई. आई म्हणायची, त्या क्षणाला तो सगळ्यांत उंच दिसायचा, आणि तसं दिसणं वर्षातून एकदाच असल्याने त्याला ते पुरवून वापरावं लागे.

झिपरूचं घर भट्टीचं. आई दगूबाई फुटाणे-मुरमुरे भाजे, झिपरू विकायला नेई. दर आठवड्याला तो मोलगीच्या बाजाराला जाई. डोंगर चढून जायचं, डोक्यावर पाटी, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं. त्यामुळे त्याला भिली भाषा डोंगरातल्या माणसासारखी येत असे. डोंगरातली माणसं तळोद्यात डिंक, चारोळी, मोहाची फुलं विकायला येत, ती आधी झिपरूला शोधत. शेठचा मुनीम काय म्हणतो ते झिपरू त्यांना सांगे, त्यांचं म्हणणं मुनिमाला सांगे. तासाभराचं भांडण त्याच्या दोन वाक्यांत मिटे.

हुकमीचंदशेठ हे बरीच वर्षं पाहत होते. झिपरू चोवीस वर्षांचा असताना एके दिवशी त्यांनी त्याला बोलावलं.

"झिपरू, तू रोज आठे फुकट कितला बोलस! त्यापेक्षा कामावरच ये."

"शेठ, मी गादीवर बठसू ते दिसावू नही."

"मंग दाराशी बठ. डोंगरना माणूस उना की पहिले तुले भेटी."

झिपरूसाठी ही साधी गोष्ट नव्हती. त्याचं लग्न जुळत नव्हतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता, दोन्हीकडे कारण सांगायची कोणाला गरज पडली नव्हती. अक्कलकुव्याच्या आनंदा भोयाची मुलगी फुलवंता हे तिसरं ठिकाण. फुलवंताला झिपरू चालणार होता. तिने त्याला बाजारात पाहिलं होतं, आणि "जो इतला हसाडस तो मारणार नही," असं ती आईला म्हणाली होती. अडलं होतं ते बापाचं. भट्टीवर दोन पोटं चालतात, चार चालत नाहीत, मुलाला बांधलेलं काम हवं, असं आनंदाचं म्हणणं. शेठच्या दुकानावर झिपरू लागल्याची बातमी अक्कलकुव्याला पोचली, आणि आठ दिवसांत सुपारी फुटली. लग्न आखाजीनंतरच्या पहिल्या मुहूर्तावर ठरलं.

शेठच्या घरची एक रीत होती. दुकानावर काम करणाऱ्या प्रत्येकाने दुपारी मागच्या अंगणात जेवायचं. शेठची बायको लाडकंवर स्वतः वाढायला उभी राही. झिपरूही जेवू लागला. बाजरीची भाकरी, कढी, गट्ट्याची भाजी. पहिल्या दिवशी त्याने घरी येऊन आईला सांगितलं, "माय, त्या लसूण नही टाकतस, तरी ग्वाड लागस." दगूबाईला ते पटलं नाही, पण पोरगं पोटभर जेवतं याचं समाधान होतं.

चैत्र नुकताच लागला होता. छत्री झाडून पुसायला झिपरूने खाली काढली. दगूबाई भट्टीतली वाळू चाळत होती. ती चाळता चाळता थांबली.

"झिपऱ्या, ज्याना घरनी भाकर खास, त्याना डोकावर पाय ठेवशी का?"

झिपरूच्या हातात छत्री तशीच राहिली. इतक्या महिन्यांत ही गोष्ट ना त्याच्या ध्यानात आली होती, ना शेठच्या. शेठने माणूस ओळखून काम दिलं, झिपरूने आनंदाने घेतलं, आणि दोघांनी मिळून आपलं सोंग मोडून ठेवलं. कारण या मुलखात एक गोष्ट वाद न घालता पाळली जाई. ज्याचं अन्न रोज खायचं त्याच्याकडे पाठ करून बसायचं नाही, त्याच्या अंथरुणाला पाय लावायचा नाही. इथे तर पाय माथ्यावर ठेवायचा होता. बाकीच्या वर्षी झिपरू शेठचा कोणी नव्हता. तो वामन होता, ते बळी होते. आता तो रोज दुपारी त्यांच्या अंगणात जेवत होता.

तो उदेसिंगकडे गेला. उदेसिंगने मिशा ओढत ऐकून घेतलं.

"मंग दोनच वाटा शेतस. काम सोड, नही ते छत्री सोड. छत्रीले मन्हा भाचा शे. सात वरीसना शे, चांगला बोलस."

"काम सोडं ते लगन मोडी."

"मंग छत्री ठेव."

झिपरू परत आला. उदेसिंग दुष्ट नव्हता. त्याला सोंगं वेळेवर निघायला हवी होती, एवढंच. पण छत्री ठेवायची म्हणजे काय, ते त्याला सांगून कळलं नसतं. सहा फूट उंचीच्या माणसाला दुसरी पुष्कळ सोंगं मिळतात.

झिपरूने स्वतःच्या बुद्धीने एक तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी अंगणात जाईना. घरून फडक्यात भाकरी आणायची, दुकानामागच्या भिंतीच्या सावलीत खायची. महिनाभर शेठचं अन्न पोटात गेलं नाही की पाय मोकळा होईल, असा त्याचा हिशोब. दगूबाईने तो एका वाक्यात खोडला. "खाधेल कोठे जाई? हाडेस्मा गयं ते." तरी त्याने हट्ट सोडला नाही.

चौथ्या दिवशी लाडकंवरने वाढलेलं ताट परत पाहिलं आणि ती स्वतः मागच्या भिंतीकडे गेली. ती ठेंगणी, जाड, पायात चांदीची कडी, आणि बोलायला फटकळ होती. अनेक वर्षं तळोद्यात राहून ती गल्लीसारखीच अहिराणी बोले, फक्त रागावली की मधेच मारवाडी येई.

"काय रे, मन्ही कढी खराब व्हयनी का?"

झिपरू भाकरी झाकून उभा राहिला. "नही माय."

"मंग ताट काबर परत येस? अन्नले नाव ठेवस?"

झिपरूला खोटं सांगता आलं नाही. त्याने सगळं सांगितलं. आई काय म्हणाली, उदेसिंग काय म्हणाला, आनंदा भोई काय म्हणेल. सांगताना तो तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता. लाडकंवरने सगळं ऐकलं आणि ती एवढंच म्हणाली, "आज ते जेव. उपाशी माणूसनी गोठ मी ऐकत नही."

संध्याकाळच्या जेवणाला शेठ बसले तेव्हा तिने विषय काढला. त्यांचं आपसात बोलणं मारवाडीत चाले. मी ते त्यांच्या मुलाकडून, किशनलालशेठकडून ऐकलं. ते तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते आणि बापाशेजारी ताटावर बसले होते.

"किशनचे बापूजी, तुम्ही त्या झिपरूला काम देऊन अडचणीत टाकलंत."

शेठना आधी समजेना. समजलं तेव्हा ते जेवायचे थांबले. "मग? माझी तक्रार आहे का? त्याने खुशाल पाय ठेवावा."

"तुमची नाही. त्याची आहे. त्याचा पाय उचलणार नाही."

"उदेसिंग म्हणतो तसा भाचा घ्या मग."

"चालेल तुम्हाला?"

शेठनी थोडा विचार केला. "नाही चालणार. त्या पोराला मी ओळखतसुद्धा नाही. इतकी वर्षं एका पायाची सवय झाली आहे."

लाडकंवर हसली. मग तिने आपलं म्हणणं मांडलं. झिपरू आपलं खातो म्हणून तो खाली आणि आपण वर. आपण त्याच्या घरी जाऊन त्याचं खाल्लं तर दोन्ही पारडी सारखी होतील. मग कोणाच्या डोक्यावर कोणाचा पाय, याचं ओझं राहणार नाही.

शेठ दचकले. भोयाच्या घरी जाऊन जेवायचं? समाज काय म्हणेल?

"जेवायचं कुठे म्हणते मी? फुटाणे खायचे. भट्टीवरचं कोरडं भाजलेलं कोण खात नाही? तुम्ही स्वतः बाजारात उभे राहून खाता. आणि भोयाच्या हातचं पाणी तर सगळं गाव पितं."

"ते मी विकत घेतो."

"तेच तर," लाडकंवर म्हणाली. "या वेळी विकत घ्यायचं नाही. त्याच्या घरात जायचं, त्याने टाकलेल्या घोंगडीवर बसायचं, तो देईल ते पाहुणा म्हणून घ्यायचं."

किशनलालशेठ सांगत, बापूजी भाकरीचा एकच घास मोडत राहिले. त्यांना समाजाची भीती फार नव्हती. त्यांना भारी गेलं ते दुसरंच. या माणसाने जन्मात कोणाची वस्तू किंमत दिल्याशिवाय घेतली नव्हती. देण्याचा त्यांना सराव होता, घेण्याचा नव्हता. शेवटी ते म्हणाले, "सोंगाच्या दिवशी दुपारी जाऊ. तूही चल. मी एकटा जाऊन काही चुकेन."

झिपरूला हे कळलं तेव्हा त्याने दोन्ही हात कानाला लावले. दगूबाईने मात्र क्षणभरही वेळ घालवला नाही. तिने घर सारवलं, शेजारणीकडून नवी घोंगडी आणली, आणि हरभरे निवडायला बसली. एक किडका दाणा दिसला की सगळी मूठ बाजूला ठेवी. "जीवजंतूवाला लोक शेतस," ती झिपरूला म्हणाली, "एखादा किडा निघना ते आपलं नाक जाई."

आखाजी झाली. झोक्यावरच्या पोरींची गाणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मत्स्य अजून अंगाला खवले चिकटवत असताना, हुकमीचंदशेठ आणि लाडकंवर भोई गल्लीत शिरले. सगळी गल्ली दारात उभी होती. शेठना झिपरूच्या दारातून वाकून आत जावं लागलं, कारण दार झिपरूच्या बापाने झिपरूकडे बघून बसवलं होतं, असं गल्लीतले लोक चेष्टेने म्हणत.

दगूबाईने पितळी ताटलीत गरम फुटाणे ठेवले, शेजारी गूळ. गडव्यात गाळलेलं पाणी. झिपरू लंगोटी नेसून, अंगाला गंध लावून तयार होता, पण अजून वामन झालेला नव्हता. तो हात जोडून कोपऱ्यात उभा राहिला.

शेठनी पहिला दाणा तोंडात टाकला. मग दुसरा. मग मूठभर. "चांगला शेतस," ते म्हणाले. लाडकंवर गूळ मोडून खाऊ लागली. तिने दगूबाईला वाळू कुठली वापरता ते विचारलं. दोघी वाळूवर बोलत बसल्या. शेठ ताटली रिकामी करून उठले, आणि सवयीने त्यांचा उजवा हात अंगरख्याच्या खिशात गेला.

"शेठ!" दगूबाई ओरडलीच. "पैसा काढा ते बठ्ठं वाया जाई!"

सगळं वाया जाईल म्हटल्यावर शेठचा हात खिशातच राहिला. तो बाहेर काढताना त्यांना एवढा त्रास झाला की लाडकंवरला हसू आवरेना. दारातले लोक हसले, मग झिपरूही हसला. कितीतरी दिवसांत तो हसला नव्हता. शेठनी दोन्ही हात जोडले आणि दगूबाईला म्हणाले, "माय, पोट भरनं. आते जाऊ का?" घेणाऱ्या माणसाने म्हणायचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

त्या दिवशी सोंगं वेळेवर निघाली. मत्स्य, कूर्म, वराह. उदेसिंग खांब फोडून बाहेर आला आणि मुलं किंचाळली. मग उदेसिंगने आयाळ काढून घाम पुसत वामनाचं नाव पुकारलं, आणि झिपरू छत्री उघडून ओट्यावरून उतरला.

गर्दीत एक माणूस नवा होता. फुलवंताचा बाप आनंदा, लग्नाची शेवटची बोलणी करायला अक्कलकुव्याहून आलेला. जावई देव होतो एवढं त्याने ऐकलं होतं. कसला देव आणि काय करतो ते त्याला ठाऊक नव्हतं.

झिपरूने पहिलं पाऊल जमिनीवर ठेवलं. दुसरं झोक्याच्या फळीवर. मग तो बळीसमोर आला. पागोटं मांडीवर होतं. डोक्यावरचे केस आता विरळ झाले होते.

"राजा, तिसरं पाऊल कोठे ठेवू?"

शेठनी मान खाली केली. झिपरूने पाय उचलला, आणि पाय वरच राहिला. घरात फुटाणे खाताना जे सोपं वाटलं होतं ते इथे परत अवघड झालं. समोर दोन पारडी नव्हती. समोर शेठची टाळू होती, आणि शेठ पागोटं काढून वही लिहायला वाकले की तो ती रोज दाराशी बसून बघत असे. एका पायावर उभा असल्याने तो थोडा डुलू लागला. परशुराम कुऱ्हाड घेऊन ओट्यामागे तयार होता.

शेठ मान वर न करता हळूच म्हणाले, "टेक रे बाबा. मान दुखी ऱ्हायनी. तुन्हाच घरना फुटाणा खाईसन उनू मी."

झिपरूने पाऊल टेकवलं. नेहमीसारखं नुसतं लावलं नाही. नीट, तळवा पुरता, एका माणसाचा भार दुसऱ्याला कळेल इतकं. शेठनी "हं" केलं. बायांनी फुलं टाकली आणि ढोल वाजला.

आनंदा भोई मात्र पांढरा पडला. ज्या नोकरीवर त्याने मुलगी दिली होती, त्या नोकरीच्या मालकाच्या डोक्यावर जावयाने भर गल्लीत पाय दिला होता. त्याला वाटलं, संपलं. उद्या हा घरी. तो गर्दीतून वाट काढत शेठपर्यंत पोचला आणि हात जोडून म्हणाला, "शेठ, पोरगा येडा शे. माफ करा. मन्ही पोरना जलम जाई."

शेठच्या टाळूवर धूळ होती. रीतीप्रमाणे ती दिवस मावळेपर्यंत पुसायची नव्हती. त्यांनी आनंदाकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढे काय व्हयनं, ठाऊक नही तुले?"

"कशानं पुढे?"

"वामननी बळीनं बठ्ठं लिधं. त्याले पाताळमा धाडं. मंग वामन कोठे गया?"

आनंदाला माहीत नव्हतं. उदेसिंग जवळच होता. त्याने मिशांवरचा नरसिंहाचा लाल रंग पुसत उत्तर दिलं, "कोठेच गया नही. बळीना दारशी राखण करत बठना. अजून बठेल शे."

"ऐकं?" शेठ म्हणाले. "मन्हा दारशी कोण बठस ते उद्या सकाळे ईसन पाही ले."

आनंदा दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच दुकानावर गेला. झिपरू दाराशी बसला होता. मोलगीकडचा एक म्हातारा त्याच्यासमोर डिंकाची पोटली सोडत होता आणि दोघं भिलीत काहीतरी बोलून हसत होते. आनंदा बाहेरूनच परत फिरला आणि मांडवाच्या बांबूंची चौकशी करायला लागला.

लग्न झालं. फुलवंताबाई दगूबाईच्या भट्टीवर बसली आणि सासूपेक्षा चांगले फुटाणे भाजू लागली, हे दगूबाईने मरेपर्यंत कबूल केलं नाही. त्यांना दोन मुलगे झाले. मोठ्याकडे छत्री द्यायची असं झिपरूने ठरवलं होतं, पण तो बापाच्या डोक्यावरून भराभर वाढत गेला. "हाऊ काही कामना नही," झिपरू शेठना म्हणे, आणि म्हणताना त्याची छाती फुगलेली असे. धाकटाही तसाच निघाला. त्यामुळे छत्री झिपरूकडेच राहिली. दरवर्षी सोंगाच्या दिवशी दुपारी शेठ आणि लाडकंवर त्याच्या घरी येत. पुढे किशनलाल येऊ लागला, सून धनकंवर येऊ लागली, आणि घोंगडी लहान पडू लागली. समाजात पहिल्या वर्षी थोडी कुजबुज झाली होती. ती फुटाण्यांवर होती, आणि फुटाण्यांवरची कुजबुज फार दिवस टिकत नाही.

दुसरं मोठं युद्ध चालू असताना रॉकेल मिळेना, साखर मिळेना, पण सोंगं चालू राहिली, कारण त्यांना दिवसाचं ऊन पुरत होतं. हुकमीचंदशेठ आता सत्तरीला आले होते. गुडघे वळत नव्हते. बळीचा मान किशनलालने घ्यावा असं घरातले म्हणत, आणि शेठ म्हणत, "पुढला साल पाहू." झिपरूचे केस पांढरे झाले होते. वामनाला मिशी चालत नाही, म्हणून तो त्या दिवशी आठवणीने दाढी-मिशी काढून येई, एवढाच काय तो त्याच्या वयाचा हिशोब.

वामनाने तिसरं पाऊल ठेवलं की मागे न बघता सरळ ओट्यावर जायचं, हा जुना नियम. देव मागे बघत नाही. पण शेठना खाली बसलं की उठता येईना. झिपरू पाऊल काढून घेई, छत्री मिटून काखेत मारी, आणि शेठच्या कोपराला दोन्ही हातांनी धरून उभा राही. त्याची उंची त्यासाठी अगदी नेमकी होती. दुसऱ्या कोणाला वाकावं लागलं असतं.

"तू अजून देव शे," शेठ पुटपुटत. "सरळ जाय. उदेसिंग बोंबल मारी."

"देव गया शेठ. मी झिपरू शे. पाय सरळ करा पहिले."

आणि उदेसिंग खरोखरच बोंबा मारी, कारण परशुराम कुऱ्हाड खांद्यावर घेऊन कधीचा तिष्ठत असे आणि ऊन कलू लागलेलं असे. पण नियम नियमच. वामन परतल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. शेठ हळूहळू उभे राहत, पागोटं डोक्यावर घालत, टाळूवरची धूळ तशीच ठेवून, आणि मग झिपरू छत्री परत उघडून सावकाश ओट्याकडे जाई.